सर्व्हिस पॅक येईपर्यंत

"राव सार विळुंदालुम कत्त माट्टार, अम्मा."

राव सारांकडे, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकांकडे, काम करणारी कस्तूरी जिन्याच्या तळाशी उभी होती. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात चपला. राव सार पडले तरी ओरडणार नाहीत, असं ती सांगत होती. तिची मुलगी विल्लुपुरमकडच्या खेड्यात बाळंत व्हायची होती आणि ती त्यासाठी निघाली होती, परत कधी येणार ते तिलाही माहीत नव्हतं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर. माझ्या नवऱ्यानं, यशनं, जिन्याला बांधलेल्या लाकडी फाटकात तनयानं पाय अडकवून घेतला होता आणि आत गॅसवर दूध चढलं होतं.

"सरी, सरी. नी पोय्टु वा," मी म्हटलं. बरं बरं, तू जाऊन ये.

ती गेली नाही. तेच वाक्य तिनं पुन्हा एकदा म्हटलं, सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं. मी मान डोलावली आणि दुधाकडे पळाले.

आता माझ्यासारख्या बाईला काळजी करायला कुणी शिकवायला नको. मी गॅसचं बटण बंद करून परत बघायला जाते. तनया झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरते. माझी आई मिरजेहून फोनवर म्हणते, "सावनी, तू काय घरात पोलीस चौकी उघडली आहेस का?" पण खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी त्या चौकीत जागा नव्हती, कारण त्यांची काळजी करायला दुसरी सोय झालेली होती. त्यांचा कॉम्प्युटर अहोरात्र चालू असायचा. जिना उतरताना खिडकीतून भिंतीवर पडलेला त्याचा निळसर उजेड दिसायचा. उजेड आहे म्हणजे काका आहेत.

बालाजीराव आमचे घरमालक. चेन्नईत येऊन आम्ही घर शोधत होतो तेव्हा यशच्या ऑफिसातले सगळे म्हणाले, शोळिंगनल्लूरलाच घ्या, ऑफिसच्या दारात. तिथली भाडी ऐकून आम्ही तिरुवल्लिकेणीत आलो. देवळाच्या तळ्यामागची अरुंद गल्ली, एका बाजूला बिऱ्हाड नसलेल्या पुरुषांची मॅन्शनं, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती, दुसऱ्या बाजूला जुनी घरं. यश दारात इंग्रजीत आपली कंपनी, पगार, शाकाहार वगैरे सांगत होता आणि आतले म्हातारे गृहस्थ त्याच्याकडे नुसते बघत होते. माझ्या खांद्यावर तनया किरकिरत होती. मी तिला हळूच म्हटलं, "रडू नको गं, झालं आता."

त्यांनी यशला हातानं थांबवलं. माझ्याकडे बोट केलं.

"मराठी अहे?"

"हो."

"वर राहा," ते म्हणाले.

मी इतकं हळू बोलले होते की शेजारी उभ्या यशलाही ऐकू गेलं नव्हतं. काकांनी ते ऐकलं नव्हतंच, माझ्या ओठांवरून वाचलं होतं. एन्नोरकडच्या एका कारखान्यात ते भांडारात कारकून होते. भांडाराला लागून बॉयलर. नोकरी संपता संपता कानही संपले. कानाचं यंत्र होतं, ते कपाटात असायचं. "त्यात सगळ्यांचा आवाज मोठा होतो," ते म्हणायचे, "पंख्याचा, कावळ्याचा, पातेल्याचा. माणसाचा तेवढा नाही."

त्यांचं घराणं तंजावरचं. मराठी त्यांची घरची भाषा, पण महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. "तिकडे अमचं काय अहे म्हणून जावं?" असं विचारायचे. माझं बोलणं त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं आणि त्यांचं मला कुणा खापरपणजोबांसारखं. 'अम्ही', 'कोठे', 'जालं', आणि मध्येच तमिळ 'परवाइल्ले', म्हणजे असू दे, चालायचंच. पत्नी हेमलताबाई होत्या तोवर जगात जे काय बोललं जाई ते त्या काकांच्या समोर उभं राहून पुन्हा बोलत. त्या गेल्या आणि घरात बोलणारं तोंड उरलं नाही. उरली मुलगी, हरिप्रिया, ती डलासला. फोन काय कामाचा? फोनला ओठ नसतात.

म्हणून कॅमेरा.

जुन्या कॉम्प्युटरवर एक छोटा कॅमेरा होता आणि रविवारी सकाळी हरिप्रिया पडद्यावर यायची. चित्र अडखळायचं, ती हनुवटी वर करून थांबलेली राहायची आणि मग एकदम हसलेली दिसायची. पण ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ तोंड आणून सावकाश बोलायची आणि काकांना ती कळायची. मग दिवाळीत जावयानं प्रेमानं नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, काळा, चकचकीत. जुना काकांनी मठातल्या मुलांच्या वर्गाला देऊन टाकला. आणि नव्यावर कॅमेरा चालेना. यशनं रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारातून दुसरा आणला, तोही चालेना. एक अख्खा रविवार तो खाली टेबलाखाली वायरींत बसून होता.

"काका, ही सिस्टीमच नवीन आहे," शेवटी त्यानं त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत सांगितलं. "कॅमेऱ्याची आणि हिची ओळख पटत नाहीये. सर्व्हिस पॅक येणार आहे. त्यात होईल."

"तो काय?"

"सिस्टीममधल्या सगळ्या चुका दुरुस्त करून एकदम पाठवतात."

काका म्हणाले, "म्हणजे चुका अहेत म्हणून त्यांना ठावं अहे."

"हो."

"तरी विकले."

"विकले म्हणून तर कळल्या, काका."

काका बराच वेळ हसत होते. मग विचारलं, "कधी येणार?"

"मार्चपर्यंत म्हणतायत."

"सरी," काका म्हणाले. "मार्च दूर नाही."

मार्चची वाट वरच्या मजल्यावरही होती. यशच्या गटाचं कामच ते, परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हिस पॅकवर चालतं की नाही ते तपासायचं. तो आला, तपासून झालं, की सुट्टी. सुट्टी मिळाली की मिरज. आईचे गुडघे असे की ती इतक्या लांब येऊ शकत नाही, आणि तनयाचं जावळ मामाच्या मांडीवर व्हायचं होतं. त्यामुळे तिचे केस डोळ्यांवर आलेले, मी रबर लावून कारंज्यासारखे वर बांधायचे आणि गल्लीतल्या बायका रोज विचारायच्या, मोट्टै कधी, मुंडण कधी? मी काय सांगू, सर्व्हिस पॅक आला की? यश संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून गल्लीत शिरला की काका दारातून नुसत्या भुवया उंचावायचे आणि यश मान हलवायचा. काकांनी तर त्याला माणूसच करून टाकलं होतं. "निघाला का तो?" असं विचारायचे. "अजून निघाला नाही? काय करतोय तिथे?"

तोवर टायपिंग.

मेसेंजरवर हरिप्रिया इंग्रजीत विचारायची, जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का. काका एका बोटानं उत्तर टाइप करायचे. 'यस. हॅड रसम अँड बीन्स. वेदर फेअर. युवर मेसेज नोटेड.' एकदा मी डाळीची वाटी द्यायला गेले तेव्हा त्यांनी ते मला दाखवलं.

"हेड ऑफिसला पत्र लिहितो असं वाटतं," ते म्हणाले.

"मग मराठीत लिहा ना काका. तिला वाचता येत नाही का?"

"अमची मराठी लिहायची नाही, सावनीम्मा. बोलायची. हेमा माझ्या बहिणीला पत्र लिहायची तर तमिळात. जमाखर्च इंग्रजीत. देवाचं तेवढं ह्या अक्षरांत."

मला उत्साह आला. मी देवनागरी टाइप करायची सोय उघडली आणि लिहिलं, 'अप्पा, जेवण झालं का?' काकांनी खिशातून चष्मा काढला. पडद्यावर एकेका अक्षराखाली बोट धरलं, स्तोत्र म्हणताना धरतात तसं, ओठ हलवत शेवटापर्यंत गेले.

"हे तुझं बोलणं," ते म्हणाले. "ती 'जालं का' म्हणेल."

मी 'झालं' खोडून 'जालं' केलं. त्यांनी त्याकडे खूप वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"लिहिलं की चूक दिसते. तिच्या तोंडात चूक नसते."

मी ते पुसून टाकलं. तनया त्यांच्या धोतराला धरून उभी होती, "ताता, ताता" करत, आजोबा, आजोबा. तिला वर उचलून ते म्हणाले, "हिची बोलू लागली की कोणती होईल, बघू. तुझी की माझी."

आता एका हिरव्या ठिपक्याचं सांगते.

मेसेंजरमध्ये माणसाच्या नावाशेजारी ठिपका असतो. माणूस यंत्रापाशी असेल तर हिरवा. काही वेळ कळफलकाला हात लागला नाही तर तो आपोआप पिवळा होतो, म्हणजे माणूस जागेवर नाही. हरिप्रिया ऑफिसात काम करताना पडद्याच्या कोपऱ्यात अप्पांचं नाव उघडं ठेवायची. काका वाचत बसले, पेंगले, की तो पिवळा व्हायचा आणि तिचा जीव वरखाली. मला फोन यायचा. "सावनी, अप्पा कोठे अहेत पाहतेस?" मी खाली जाऊन बघायचे, तर काका बीन्स चिरत असायचे. असं खूपदा झालं तेव्हा तिनंच यशला विचारलं, हा पिवळा होणं बंद नाही का करता येत? यशनं केलं. एका खुणेचा प्रश्न होता, त्यानं ती काढून टाकली.

शिवाय त्यानं काकांना सांगितलं, कॉम्प्युटर बंदच करू नका. त्यांच्या ब्रॉडबँडला मध्यरात्रीनंतर सकाळपर्यंत डाउनलोड फुकट होतं. सर्व्हिस पॅक आला की तो रात्री आपला आपण उतरेल, आपला आपण बसेल. काकांना हे फार आवडलं. पाहुणा येणार तर दार उघडं ठेवायला हवं, इतकं सरळ.

त्यामुळे ठिपका हिरवा तो हिरवाच राहिला. तिकडे हरिप्रिया निवांत, इकडे मीही.

मार्चमध्ये एका दुपारी यशचा फोन आला. "खाली सांग. निघाला."

मी तनयाला काखेत मारून खाली गेले, काकांच्या समोर उभी राहिले आणि सांगितलं. त्यांनी खात्री करायला मला पुन्हा म्हणायला लावलं. मग ते उठले. कॉम्प्युटरपुढची वेताची खुर्ची त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली, पाठीमागच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून टाकलं, कॅमेऱ्यात ते दिसलं असतं. आरशात बघून डोक्यावरून हात फिरवला.

"केस वाढले अहेत," ते म्हणाले. "हरी म्हणेल, अप्पांकडे कोणी पाहणारं नाही. उद्या बुधवार. उद्या कापून येतो."

त्या रात्री डाउनलोड सुरू झालं, पण पुरं झालं नाही, मोठं होतं. पुढच्या रात्री होईल, यश म्हणाला आणि कपड्यांचा जोड घेऊन ऑफिसला गेला, कारण सर्व्हिस पॅक आला म्हणजे काम संपलं नव्हतं, सुरू झालं होतं. दोन दिवस तो तिथेच झोपणार होता. सुट्टीचं विचारू नको, म्हणाला. बुधवारी सकाळी काकांना छत्री घेऊन न्हाव्याकडे जाताना मी वरून पाहिलं. मग तनयाला ताप भरला आणि मला खाली-वर काही राहिलं नाही. तिच्या कपाळावर घड्या, सिरप, थर्मामीटर. संध्याकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला जिन्यात आले तेव्हा भिंतीवर निळसर उजेड होता. रात्रभर मी तिच्याजवळ बसून होते.

गुरुवारी सकाळी ताप उतरला आणि हरिप्रियाचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती.

"सावनी, अप्पांना माझा राग आला अहे का?"

"का गं?"

"उत्तर देत नाहीत. काल सकाळपासून नाही. मी भ्याले होते, पण मग ते ऑफ जाले आणि थोड्या वेळानं पुन्हा हिरवे जाले. म्हणजे यंत्र बंद करून लावलं, सर्व्हिस पॅक आला म्हणून. ते पाहून मला बरं वाटलं. मग कॅमेऱ्यावर कॉल केला, घेत नाहीत. मी या वर्षी येत नाही म्हटलं ना, म्हणून असेल."

"कधी ऑफ झाले?"

"तुमची पहाट असेल. फार लवकर."

मी तनयाच्या अंगावरचं पांघरूण काढत होते, तशीच थांबले. काका पहाटे यंत्राला हात लावत नाहीत. अंघोळ, संध्या, देव, मग कॉफी, आणि त्यानंतर ते वेताच्या खुर्चीत बसतात. कारखान्यात असतानाही संध्या करूनच ते गाडी पकडायचे.

"हरिप्रिया, फोन ठेवू नको," मी म्हटलं.

काकांचं दार कधी आतून लावलेलं नसायचं. बेल ऐकू येत नाही म्हणून ते नुसतं लोटलेलं असे, ज्याला यायचं त्यानं यावं. आत पंखा फिरत होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट होती, सर्व्हिस पॅक नीट बसला आहे असं इंग्रजीत लिहिलेली. यंत्र आपलं आपण बंद होऊन पुन्हा लागलं होतं आणि कोपऱ्यात मेसेंजर आपणहून उघडलेला. आणि खाली हरिप्रियाची एकाखाली एक वाक्यं. अप्पा? अप्पा? अप्पा, आर यू देअर?

ते न्हाणीघर आणि मधल्या खोलीच्या उंबरठ्यावर पडले होते. कंबरेला पंचा. डोळे उघडे होते. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला, थांब अशा अर्थानं.

"शिवू नको," ते म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "केस कापून न्हाणं जालं नाही. अर्धंच जालं."

केस कापले की अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावायचा नाही, तर ते मागच्या दारानं सरळ न्हाणीत गेले होते आणि घाईनं. पाय घसरला. बुधवार सकाळपासून ते तिथे होते. मानेवर कापलेल्या केसांचे बारीक तुकडे तसेच चिकटलेले होते.

मी शिवले. पाणी पाजलं, डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर घातली. तनया दारात भोकाड पसरून उभी. फोनमधून हरिप्रियाचा आवाज येत होता, मी तिला म्हणत होते, आहेत, आहेत, बोलतायत. मॅन्शनमधली दोन मुलं मी खिडकीतून हाक मारून बोलावली, त्यांनी गाडी आणली. ती येईतो मी काकांच्या समोर बसून विचारलं, "काका, ओरडला का नाहीत हो? मी वर होते की."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ओरडलोही असेन. माझा आवाज कोठवर जातो ते मला कसं कळावं?"

मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसले. हरिप्रियाची तिथं राहण्याची कागदपत्रं अडकली होती, देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती, म्हणून तिला येता आलं नाही. कुंभकोणमहून काकांचा पुतण्या सुधींद्र आला आणि त्यानं ते दिवस निभावले. काका वॉकर धरून घरी आले तो रविवार होता. सुधींद्र म्हणाला, आधी पडा. काका म्हणाले, आधी बसतो.

त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं. यशनं कॉल लावला. मी तनयाला घेऊन दाराशी उभी होते.

पडदा काळा होता, मग उजळला. हरिप्रिया आली. चित्र अडखळत नव्हतं, इतकं स्वच्छ की तिच्या मागच्या खिडकीतलं झाड हललेलं दिसत होतं. ती अगदी जवळ सरकली. पडदाभर तिचा चेहरा.

"अप्पा," ती म्हणाली.

काका पुढे वाकले.

"अप्पा, जेवण जालं का?" एवढं तिनं विचारलं आणि तिला पुढे बोलता येईना. ती रडू लागली आणि आपण सगळे रडताना करतो तसं तिनं तोंडावर हात धरला. हाताआडून ती बोलत होती, आवाज आम्हाला येत होता, मला माफ करा, मी ठिपका पाहत बसले, असं काहीतरी. यशनं खाली मान घातली. काका मात्र पडद्याकडे बघत होते, बोटांच्या फटींतून काही दिसतंय का ते शोधत.

"हरी," ते म्हणाले. "तोंडावरचा हात काढ. तू काय म्हणतेस ते मला कळत नाही."

तिनं हात काढला. ओठ थरथरत होते, तिनं ते स्थिर केले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश. काका मध्ये मध्ये मान हलवत होते. "परवाइल्ले," म्हणत होते. आम्ही बाहेर आलो. सुधींद्रनं चहा ठेवला होता, तो निवून गेला तरी आतलं बोलणं संपलं नव्हतं. काका थांबले की ती बोलतेय की नाही ते बाहेर कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांना तिचे ओठच पुरे होते आणि तिनं आवाज बारीक केला होता.

हरिप्रियाच्या सांगण्यावरून यशनं ठिपका पुन्हा पिवळा होईल असा करून दिला. तेव्हापासून पिवळा झाला की तिचा मला फोन, आणि फोन आला की मी खाली. कणीक भिजवत असले तर पिठाच्या हातानं. काका कधी वाचत असायचे, कधी अंगणात वॉकर धरून उभे. मला बघितलं की म्हणायचे, "पिवळा जालो?" मी हो म्हटलं की आत जाऊन कळफलकाचं एक बटण दाबून यायचे.

पावसाळ्याआधी यशला पुण्याची बदली मिळाली. सगळं मिळालं. मिरज, आई, भावाच्या मांडीवर तनयाचं जावळ. मी मागितलं होतं त्याहून जास्तच. आणि आता इथे पुण्यात, आजूबाजूला सगळी माणसं मराठी बोलत असताना, भाजीवाल्याशी बोलता बोलता मी मध्येच थांबते, कारण समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत नसतो. परवा मिरजेला गेलो होतो तेव्हा तनया भात संपवून म्हणाली, "जालं." आई म्हणाली, "झालं म्हण, बाळा." मी म्हटलं, "असू दे."

सुधींद्र परत गेला. कस्तूरी नातवापाशी विल्लुपुरमलाच राहिली. एक नवीन बाई येते म्हणे, रोज नाही. आमच्या जागी वर पाळीची नोकरी करणारी दोन मुलं आहेत, त्यांना मी पाहिलेलं नाही. हरिप्रिया डलासला ये म्हणते, काका म्हणतात, तिथे मला कोण समोर उभा राहून बोलेल, तू ऑफिसला जाशील. आणि यश सांगतो, दुसरा सर्व्हिस पॅक येणार आहे म्हणे.

मी हे लिहिताना मेसेंजर उघडा आहे. सकाळची कॉफीची वेळ टळून गेली आहे, डलासला हरिप्रिया झोपलेली असेल, आणि काकांच्या नावाशेजारचा ठिपका पिवळा आहे. बराच वेळ झाला. अंगणात असतील. बीन्स चिरत असतील.

तुमच्यापैकी कुणी चेन्नईत असाल, नाहीतर तुमचं कुणी तिथे असेल, तर एक करा. तिरुवल्लिकेणीला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत राव सारांचं घर विचारा, कुणीही दाखवील. बेल वाजवू नका. दार लोटलेलं असेल, ते ढकलून आत जा. उजेडाकडे तोंड करून त्यांच्या समोर उभे राहा आणि बोला, तुमची मराठी कुठलीही असली तरी चालेल. आणि ते कसे आहेत, तेवढं मला कळवा.